व्याधाच्या शेजारचा ठिपका: शहापूर-मुरबाडच्या माळावरून तेजस्वी ताऱ्यांचे मंद जोडीदार कसे पाहायचे?

जानेवारीतली रात्र. भात कधीच खळ्यावर गेलेलं, खाचरं कोरडी पडलेली. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या माळावर दुर्बीण लावून तुम्ही उभे आहात. शनीची कडी पाहून झाली, गुरूचे चंद्र मोजून झाले. आता कुणीतरी म्हणतं, "तो सगळ्यात चमकणारा तारा दाखवा ना!" तुम्ही दुर्बीण व्याधाकडे वळवता. दिसतो तो एक लखलखता, थरथरणारा ठिपका. बघणारा दोन सेकंदांत डोळा काढतो आणि विचारतो, "एवढंच?"

नाही, एवढंच नाही. त्या झगमगाटाच्या अगदी कडेला आणखी एक तारा आहे. त्याचं वजन जवळपास सूर्याइतकं आणि आकार पृथ्वीपेक्षाही थोडा लहान. तो हौशी दुर्बिणीतून दिसू शकतो, पण सहज दिसत नाही. आणि सध्याची वर्षं तो पाहण्यासाठी पन्नास वर्षांतली सर्वांत चांगली आहेत.

अशा लपलेल्या जोडीदारांना शोधायचं कसं, ते दिसायला अवघड का असतात आणि ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून ते पाहायला काय फायदा मिळतो, हे समजून घेऊ.

जोडतारा म्हणजे काय?

नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा तारा दुर्बिणीतून दोन दिसला, तर त्याला जोडतारा म्हणतात. यात दोन प्रकार असतात. काही जोड्या केवळ दिसायला जवळ असतात. एक तारा जवळचा, दुसरा कितीतरी लांबचा, पण आपल्याकडून पाहताना एकाच रेषेत आलेला. दुसऱ्या प्रकारात दोन्ही तारे गुरुत्वाकर्षणाने खरोखर बांधलेले असतात आणि एकमेकांभोवती फिरतात.

आपल्याकडे लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवायची पद्धत आहे. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली मंद अरुंधती. त्यावरूनच 'अरुंधतीदर्शन न्याय' आला: आधी मोठा, ठळक तारा दाखवायचा आणि मग त्याच्या आधाराने नजर बारीक ताऱ्याकडे न्यायची. मंद जोडीदार पाहण्याची सगळी विद्या या एका न्यायात आहे. गंमत म्हणजे वसिष्ठ स्वतःही जोडतारा आहे. १६१७ मध्ये गॅलिलिओचा सहकारी बेनेडेट्टो कास्टेल्ली याने तो दुर्बिणीतून दोन ताऱ्यांचा असल्याचं पाहिलं. अरुंधती वेगळी, हा जोडीदार वेगळा.

अंतर मोजायचं कसं?

आकाशातली अंतरं कोनात मोजतात. एका अंशाचे ६० भाग म्हणजे कला आणि एका कलेचे ६० भाग म्हणजे विकला. पौर्णिमेचा चंद्र साधारण १,८०० विकला रुंद दिसतो. व्याध आणि त्याचा जोडीदार यांच्यात सध्या सुमारे ११ विकलांचं अंतर आहे. एक सेंटीमीटरचा हरभऱ्याचा दाणा १९० मीटरवरून जेवढा दिसेल, तेवढं हे अंतर.

ताऱ्यांची तेजस्विता 'प्रती'मध्ये मोजतात. आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पटींचा फरक. व्याधाची प्रत उणे १.४६ आहे, त्याच्या जोडीदाराची सुमारे ८.४. म्हणजे जवळपास दहा प्रतींचा फरक! व्याध त्याच्यापेक्षा सुमारे ९ हजार पट तेजस्वी दिसतो. ८.४ प्रतीचा तारा एकटा असता तर साध्या द्विनेत्रीतूनही दिसला असता. अडचण त्याच्या मंदपणाची नाही, शेजाऱ्याची आहे.

मंद जोडीदार लपतो कुठे?

याची चार कारणं आहेत, आणि त्यातली तीन आपल्या हातातली आहेत.

पहिलं कारण प्रकाशाचा स्वभाव. दुर्बिणीत तारा बिंदू म्हणून दिसत नाही. भिंगाच्या किंवा आरशाच्या कडेवरून जाताना प्रकाश थोडा पसरतो. त्यामुळे ताऱ्याची एक बारीक चकती आणि भोवती फिकट कडी दिसतात. दुर्बिणीचा व्यास जितका मोठा, तितकी ही चकती लहान. विल्यम डॉज या ब्रिटिश निरीक्षकाने यासाठी एक सोपा नियम दिला: ११६ ला दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. येणारं उत्तर म्हणजे ती दुर्बीण कमीत कमी किती विकलांवरचे दोन तारे वेगळे दाखवेल तो आकडा. १०० मिलिमीटरसाठी तो १.१६ येतो, १५० साठी ०.७७.

मग ११ विकला तर सहज दिसायला हवेत? इथेच घोळ आहे. डॉजचा नियम साधारण सारख्या तेजाच्या जोड्यांसाठी आहे. एक तारा दुसऱ्याच्या हजारो पट तेजस्वी असेल तर तो नियम लागू होत नाही.

दुसरं कारण विखुरलेला प्रकाश. आरशावरची धूळ, भिंगावरची बुरशी, आयपीसवरचा बोटाचा ठसा यांवरून तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश सगळीकडे उडतो. पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या दुर्बिणीला कोकणपट्टीच्या दमटपणात बुरशी धरते, हे अनेकांना अनुभवाने माहीत असेल.

तिसरं कारण दुर्बिणीची मांडणी. आरशाच्या दुर्बिणीत आतला छोटा आरसा ज्या पट्ट्यांवर टांगलेला असतो, त्या पट्ट्यांमुळे तेजस्वी ताऱ्याला चार टोकदार किरण फुटलेले दिसतात. जोडीदार नेमका एखाद्या किरणाखाली आला की संपलं.

चौथं कारण हवा. वर गरम-थंड हवेचे थर हलत असतात आणि त्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. त्यामुळेच तारे लुकलुकतात. लुकलुकणं कवींना आवडतं, निरीक्षकाला नाही.

मग शहापूर-मुरबाडचा फायदा काय?

पहिलं उत्तर मनात येतं ते अंधार. आणि अंधाराचा उपयोग आहेच. पण खरं सांगायचं तर तेजस्वी जोडताऱ्यांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा नाही. दीर्घिका, तेजोमेघ पाहायला काळोख लागतो. जोडताऱ्यांना लागते शांत हवा आणि आकाशातली उंची.

उंचीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. शहापूर सुमारे १९.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे व्याध दक्षिणेला माथ्यावर येतो तेव्हा क्षितिजापासून सुमारे ५४ अंश वर असतो. लंडनमधून तो जेमतेम २२ अंश वर येतो. म्हणजे लंडनच्या निरीक्षकाला आपल्या दुपटीहून जाड हवेच्या थरातून व्याध पाहावा लागतो. वृश्चिकेतली ज्येष्ठा आपल्याकडे ४४ अंश वर येते, लंडनला अवघी १२ अंश. युरोपातल्या पुस्तकांत 'अत्यंत अवघड' असा शेरा मारलेल्या जोड्या आपल्याकडून तितक्या अवघड राहत नाहीत. हा फायदा मुंबईलाही आहे. पण तिथे रात्रभर उष्णता सोडणाऱ्या इमारती आणि स्लॅब असतात. माळावर ते नसतं.

तरी गावाकडेही जागा पारखून घ्यावी लागते. डांबरी रस्ता, पत्र्याचं छप्पर आणि सिमेंटची गच्ची दिवसभर तापतात आणि मध्यरात्रीपर्यंत गरम हवा वर सोडत राहतात. त्यापेक्षा गवताळ माळ किंवा शेताचा बांध बरा. दक्षिणेला वीटभट्टी असेल तर दुसरी जागा शोधा, कारण तिच्यावरची हवा तव्यावरच्या हवेसारखी नाचते. उन्हाळ्यात राब भाजायला सुरुवात झाली की धूरही असतो. भातसा, तानसा, बारवी या धरणांच्या काठी उत्तररात्री दव पडतं आणि भिंग धुरकट होतं. पुठ्ठ्याची लांब नळी दुर्बिणीच्या तोंडाला लावली की ते बरंच टळतं.

पश्चिम आणि नैर्ऋत्येला भिवंडी, कल्याण, ठाण्याचा उजेड आकाशात चढलेला दिसतो. महामार्गाजवळच्या ढाब्यांचे आणि रिसॉर्टचे दिवेही वाढले आहेत. पण व्याध माथ्यावर येतो तो दक्षिणेला, त्यामुळे काम होतं. मुंबईचं खगोल मंडळ वर्षानुवर्षं कर्जत मार्गावरच्या वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेत आलं आहे. एकट्याने सुरुवात करण्यापेक्षा अशा एखाद्या कार्यक्रमात आधी हात बसवणं चांगलं.

हे काम पुण्यात १८० वर्षांपूर्वी झालं होतं

महाराष्ट्रातून जोडतारे पाहणारे आपण पहिले नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातले अभियंता अधिकारी विल्यम स्टीफन जेकब यांनी १८४० च्या दशकात पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली. पाच फूट लांबीच्या डॉलंड बनावटीच्या दुर्बिणीने त्यांनी पुण्यातून पाहिलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी १८४८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. वृश्चिकेतला न्यू स्कॉर्पियाय हा तारा दोन नव्हे, तीन ताऱ्यांचा असल्याचं त्यांनी १८४७ मध्ये नोंदवलं. आज हौशी लोक वापरतात त्या मध्यम दुर्बिणींपेक्षा त्यांची दुर्बीण फार थोर नव्हती.

पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. निवृत्तीनंतर स्वखर्चाने नऊ इंची दुर्बीण घेऊन ते पुन्हा पुण्यात काम करायला निघाले. ८ ऑगस्ट १८६२ ला मुंबईत उतरले आणि १६ ऑगस्टला पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी, ३१ जानेवारी १८६२ ला, अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्क १८.५ इंची नव्या भिंगाची चाचणी घेत होते. त्यांनी दुर्बीण व्याधाकडे वळवली आणि शेजारी एक मंद ठिपका दिसला. व्याध किंचित डुलत पुढे सरकतो, म्हणजे त्याला न दिसणारा जोडीदार असला पाहिजे, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी १८४४ मध्येच गणिताने सांगितलं होतं. तो जोडीदार १८ वर्षांनी असा सापडला.

हा ठिपका म्हणजे श्वेत बटू: इंधन संपून आकसलेला तारा. अशा ताऱ्याचं वस्तुमान किती वाढू शकतं, याचं गणित १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मांडलं, तेही ३१ जुलै १९३० ला मुंबईहून सुटलेल्या बोटीवर. पुढे 'चंद्रशेखर मर्यादा' म्हणून ते जगभर शिकवलं गेलं. व्याधाचा जोडीदार पाहणं म्हणजे त्या गणितातला तारा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणं.

सरावाचा क्रम: सोप्याकडून अवघडाकडे

थेट व्याधावर जाऊ नका. बहुतेक जण तिथेच हरतात आणि दुर्बिणीला दोष देतात. हा क्रम धरा.

१. वसिष्ठ. प्रती २.२ आणि ३.९, अंतर १४ विकला. एप्रिल-मे महिन्यांतल्या संध्याकाळी. कोणत्याही छोट्या दुर्बिणीतून दिसतो. दोन तारे वेगळे दिसणं म्हणजे काय, हे इथे डोळ्याला कळतं.

२. ध्रुव. मुख्य तारा दुसऱ्या प्रतीचा, जोडीदार नवव्या प्रतीच्या आसपासचा, अंतर १८ विकला. आपल्याकडून ध्रुव फक्त १९ अंशांच्या आसपास वर असतो, त्यामुळे उत्तर क्षितिज मोकळं हवं. तो जागचा हलत नाही, हा मोठा फायदा. वाट पाहत बसता येतं.

३. मृगातला राजन्य, म्हणजेच रायगेल. प्रती ०.१ आणि ६.८, अंतर ९.५ विकला. तेजात सुमारे ४५० पट फरक. ८० ते १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत शांत हवेत दिसतो. व्याधाच्या परीक्षेची ही पूर्वपरीक्षा आहे, कारण दोन्हीकडे अंतर जवळपास सारखंच. राजन्याचा जोडीदार ज्या रात्री दिसत नाही, त्या रात्री व्याधाच्या नादी लागू नका.

४. ज्येष्ठा. मुख्य तारा पहिल्या प्रतीचा, जोडीदार ५.५ प्रतीचा, अंतर जेमतेम अडीच-पावणेतीन विकला. इथे १५० मिलिमीटर किंवा मोठी दुर्बीण हवी. लाल ताऱ्याशेजारी हा निळसर तारा अनेकांना हिरवट भासतो. एक युक्ती: फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला पहाटे सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान ज्येष्ठा दक्षिणेला माथ्यावर असते आणि झुंजूमुंजू झालेलं असतं. आकाश उजळलं की मुख्य ताऱ्याचा झगमगाट डोळ्यांना कमी जाणवतो आणि जोडीदार सुटा दिसण्याची शक्यता वाढते. सूर्य उगवायच्या आत मात्र दुर्बीण झाका.

५. व्याध. साधारणपणे १५० ते २०० मिलिमीटर व्यास आणि २०० ते ३०० पट वर्धन. जानेवारीअखेर तो रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास माथ्यावर येतो, फेब्रुवारीअखेर नऊच्या सुमारास. त्या वेळेच्या आगेमागे तासभर प्रयत्न करा.

प्रत्यक्ष काय करायचं?

दुर्बीण पाऊण ते एक तास आधी बाहेर ठेवा. घरातल्या उबेतून आलेला आरसा थंड होईपर्यंत नळीतच हवा नाचते.

आरसे एका रेषेत आहेत का ते पाहा. तारा मुद्दाम थोडा अस्पष्ट करा. दिसणारी कडी एककेंद्री हवीत. एका बाजूला झुकलेली दिसली तर आधी ती दुरुस्ती.

दुर्बिणीला मोटर नसेल तर २०० पटींवर तारा साधारण एका मिनिटात दृश्यातून निघून जातो. त्याला धरून ठेवायची धडपड करू नका. तारा कडेला ठेवा, हात काढा आणि त्याला सरकू द्या. थरथर थांबते आणि दिशाही कळते: तारा ज्या बाजूला सरकतो ती पश्चिम. व्याधाचा जोडीदार सध्या पूर्वेला, थोडा उत्तरेकडे कललेला आहे. म्हणजे तो व्याधाच्या मागून येतो. शोधायचं ते मागच्या बाजूला.

टोकदार किरण आडवे येत असतील तर नळी थोडी फिरवा. आणखी एक घरगुती उपाय म्हणजे पुठ्ठ्यात षट्कोनी भोक कापून तो दुर्बिणीच्या तोंडावर बसवणं. ताऱ्याला सहा किरण फुटतात, पण त्यांच्या मधली जागा काळी होते. पुठ्ठा हळूहळू फिरवून जोडीदाराची जागा त्या काळ्या फटीत आणायची. काही जण आयपीसच्या आतल्या कड्यावर ॲल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी लावतात आणि मुख्य तारा तिच्यामागे लपवतात. चंद्र पाहताना हाताने दिवा झाकतो, तसंच.

मग थांबा. हवा एका क्षणी स्थिर होते, पुन्हा बिघडते. वीस मिनिटांत असे तीन-चार क्षण मिळाले तरी पुरे.

आणि सुरक्षेचं विसरू नका. गावात आधी सांगून जा, रात्री शेतात नळकांडं लावून बसलेल्या अनोळखी माणसांवर संशय येणारच. पायात बूट हवेत, टॉर्चला लाल कागद हवा. तानसा अभयारण्याच्या परिसरात परवानगीशिवाय रात्री थांबू नका. या पट्ट्यात बिबट्याचाही वावर आहे.

दिसलं, की वाटलं?

हा या छंदातला खरा प्रश्न आहे. तुम्हाला माहीत आहे की ठिपका कुठे असायला हवा, म्हणून डोळा तो तिथे तयार करतो. शिवाय आयपीसच्या काचांमध्ये तेजस्वी ताऱ्याचं खोटं प्रतिबिंब उमटतं. मोबाइलने काढलेल्या फोटोत तर हे हमखास होतं. 'व्याधाचा जोडीदार टिपला' म्हणून फिरणाऱ्या फोटोत तो बहुधा लेन्समधला झगमगाट असू शकतो, कारण व्याधाच्या जळालेल्या पांढऱ्या गोळ्यात ११ विकला कधीच बुडून जातात.

पडताळा सोपा आहे. तारा दृश्याच्या एका कडेकडून दुसरीकडे न्या. खोटं प्रतिबिंब जागा बदलतं, खरा जोडीदार नाही. आयपीस फिरवून पाहा. सोबत्याला जागा न सांगता विचारा, "कुठे काही दिसतंय का?" आणि आधी कागदावर चित्र काढा, माहिती नंतर तपासा.

इतिहासात दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. १३ एप्रिल १८१९ ला व्हिएन्नात योहान टोबियास बुर्ग यांनी चंद्राआडून बाहेर येणारी ज्येष्ठा पाहिली. आधी एक मंद ठिपका आला आणि काही सेकंदांनी झगझगीत तारा. अनेकांनी तो हवेचा खेळ म्हणून उडवून लावला. २३ जुलै १८४४ ला भारतात असलेल्या जेम्स विल्यम ग्रँट यांना तो जोडीदार दिसला आणि १८४७ मध्ये डॉज यांनी त्याचं मोजमाप केलं. बुर्ग बरोबर होते. उलट, आपले पुण्याचे जेकब यांनी १८५५ मध्ये ७० ऑफियुकाय या जोडताऱ्याभोवती ग्रह असण्याची दाट शक्यता वर्तवली. तो ग्रह पुढे कुणालाच सापडला नाही. इतका कसलेला निरीक्षकही फसला.

म्हणून वहीत 'दिसला नाही' हेही लिहा. तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास, वर्धन आणि हवा कशी होती ते नोंदवा. पाच रात्री 'नाही' आणि सहाव्या रात्री 'आहे', ही नोंद पहिल्याच रात्रीच्या 'आहे'पेक्षा जास्त विश्वासाची.

घाई का करायची?

व्याधाचा जोडीदार त्याच्याभोवती सुमारे ५० वर्षांत एक फेरी मारतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो व्याधापासून तीन विकलांच्या आसपास होता, तेव्हा हौशी दुर्बिणींना तो जवळजवळ अशक्यच होता. या दशकात तो सर्वांत दूर, ११ विकलांच्या थोडा पलीकडे गेला. आता तो हळूहळू पुन्हा जवळ सरकणार आणि २०४० च्या दशकात परत झगमगाटात बुडणार. अशी संधी पुन्हा येईल ती २०७० च्या दशकात.

आज शाळेत जाणारी मुलं तेव्हा साठीकडे झुकलेली असतील. त्यांना तो एकदा तरी दाखवायचा असेल, तर येत्या काही हिवाळ्यांतल्या शांत रात्री हाताशी आहेत. आधी राजन्य पाहा, मग व्याध. कुणी विचारलं "एवढंच?", तर म्हणा, "जरा थांब. त्याच्या मागून कोण येतंय ते बघ."